फोटोवर नाव घालायचं, पण नेमकं कुठे?

घरातलं एखादं जुनं स्टीलचं पातेलं हातात घ्या आणि उजेडात फिरवून बघा. काठाजवळ बारीक ठिपक्यांनी कोरलेलं नाव दिसेल. आजीचं, आत्याचं, नाहीतर लग्नात आहेर केलेल्या कुणाचं तरी. शेजारी आमटी घालून दिलेली वाटी, सत्यनारायणाला नेलेली परात, लग्नघरी गेलेलं मोठं पातेलं... अशी किती भांडी त्या नावामुळे बिनबोभाट घरी परत आली असतील!

आता ते नाव कुठे घातलंय ते बघा. बहुतेकदा बुडाला नसतं. बुडाला घातलं तर आचेने काळवंडेल, घासणीने झिजेल. ते अशा जागी असतं, की भांडं हातात घेणाऱ्याला दिसावं, रोजच्या वापरात टिकावं आणि वापरताना मध्येही येऊ नये. भांडेवाल्याने ही जागा विचार करूनच ठरवलेली असते.

आपण फोटोवर नाव घालतो, ज्याला वॉटरमार्क म्हणतात, तेव्हा मात्र हा विचार फारसा करत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात छोट्या अक्षरांत नाव टाकतो आणि फोटो पाठवून देतो. कोपरा मोकळा असतो, तिथे नाव नीटनेटकं दिसतं, फोटोही बिघडत नाही. पण फोटो उचलणाऱ्यालाही नेमका तोच कोपरा सगळ्यात सोयीचा असतो.

फोटो म्हणजे दुकान

आमच्या के. आर. पुरमचंच बघा. बेंगळुरूच्या पूर्वेला, टिन फॅक्टरी आणि व्हाइटफील्डच्या मधला हा भाग. नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं इथल्या मोठमोठ्या सोसायट्यांमध्ये विखुरलेली आहेत. इथे पुण्यातल्यासारखं कोपऱ्यावर चकलीचं दुकान नसतं. चकली, पुरणपोळी, भाजणी, मोदक हवे असतील तर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारायचं, की कुणीतरी फोटो पाठवतं. पैठणी, रांगोळी, मेंदी, गणपतीची सजावट, मुलांचे चित्रकलेचे क्लास, सगळा व्यवहार फोटोवर चालतो. ज्यांचं दुकान नाही, त्यांच्यासाठी फोटो हेच दुकान.

समजा, तुमच्या आईने दिवाळीच्या फराळाचं ताट सुरेख मांडून फोटो काढला आणि तो ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी तोच फोटो दुसऱ्या एका ग्रुपवर, दुसऱ्याच नंबरसह दिसला. 'अर्धे पैसे आधी पाठवा, घरपोच देऊ.' इथे आईची ऑर्डर तर गेलीच. शिवाय ज्यांनी पैसे पाठवले त्यांना एकतर फराळ मिळणार नाही, नाहीतर मिळेल तो त्या फोटोतला नसेल. 'तुमच्या फराळाचा फोटो बघून पैसे भरले होते' अशी तक्रार मात्र आईपर्यंत येईल. हातची कला, ग्राहकाचे पैसे आणि वर्षानुवर्षं जमवलेला विश्वास, हे सगळं एका फोटोबरोबर जाऊ शकतं. म्हणून नाव कुठे घालायचं हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

नोटेवरचा वॉटरमार्क आणि फोटोवरचा

'वॉटरमार्क' हा शब्द आला कागदाच्या कारखान्यातून. तेराव्या शतकात इटलीतल्या फाब्रियानो गावात कागद बनवणारे ओल्या लगद्यात तारेची आकृती उमटवत. कागद वाळला, की ती आकृती उजेडात धरल्यावर दिसायची. त्यावरून कागद कोणत्या कारखान्याचा हे कळे. मराठीत यालाच जलचिन्ह म्हणतात.

तुमच्या पाकिटातली पाचशेची नोट उजेडासमोर धरा. मोकळ्या पांढऱ्या भागात गांधीजींचं चित्र आणि आकडा दिसेल. इथे जलचिन्हासाठी मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते, म्हणजे ते चटकन दिसावं आणि नोट खरी आहे का हे तपासता यावं. ते कागदाच्या आतच असतं. पुसायचं म्हटलं तर कागदच फाटेल.

फोटोवरचं नाव आत नसतं, वरून ठेवलेलं असतं. म्हणून नोटेचा नियम फोटोला लावला की घोटाळा होतो. नोटेवर मोकळी जागा सगळ्यात चांगली, फोटोवर मोकळी जागा सगळ्यात कच्ची.

कोपरा का टिकत नाही?

याची तीन साधी कारणं आहेत.

पहिलं कारण, कापणं. कोपऱ्यातलं नाव घालवायला कुठलंही कसब लागत नाही. फोटोची कड बोटाने आत ओढली, की काम झालं. कधी कधी तर कुणाचा वाईट हेतूही नसतो. व्हॉट्सअॅपचा डीपी गोल असतो, त्यात चारही कोपरे आपोआप जातात. इन्स्टाग्रामने जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवरचे चौकोनी फोटो उभट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांच्या जुन्या फोटोंच्या कडा तिथे दिसेनाशा झाल्या. स्टेटसला किंवा स्टोरीला टाकलेल्या फोटोवर तर वरखाली अॅपचीच बटणं आणि नावं येऊन बसतात.

ही अडचण मोबाइलच्याही आधीची आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांनी घरोघरच्या भिंती सजल्या. चित्राचं आणि छापखान्याचं नाव खालच्या पांढऱ्या पट्टीत छापलेलं असे. चित्राला चौकट करताना ती पट्टी चौकटीखाली गेली की नावही गेलं. भिंतीवर उरली ती लक्ष्मी. ती कुठे छापली हे विचारायची सोय राहिली नाही.

दुसरं कारण, पुसणं. पूर्वी फोटोतलं काही पुसायला संगणकावर बसावं लागायचं. आता बोट फिरवलं की पुरे. गूगल फोटोजमधलं मॅजिक इरेझर आधी मोजक्या फोनवर होतं. मे २०२४ पासून ते सगळ्यांसाठी मोफत खुलं होऊ लागलं. अशी साधनं पुसलेल्या जागेच्या आजूबाजूला काय आहे ते बघून रिकामी जागा भरतात. मागे कोरी भिंत, निळं आकाश किंवा पांढरा टेबलक्लॉथ असेल तर भरायला काहीच कष्ट नाहीत.

तिसरं कारण, दिसतच नाही. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. बारीक अक्षरं त्यात विरघळतात. दोन-तीन वेळा फॉरवर्ड झाल्यावर कोपऱ्यात नाव होतं की डाग, हेच कळत नाही.

आधी ठरवा: नाव कशासाठी?

जागा ठरवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हा फोटो कुणी उचलला, तर माझं काय जाईल?

काहीच जाणार नसेल, उलट फोटो जितका फिरेल तितकं बरं असं वाटत असेल, तर नाव लहान आणि सौम्य चालेल. रविवारी काढलेला पावसाचा फोटो, तळ्यावरचे पक्षी, एखादी छान रांगोळी. इथे नावाचं काम ओळख सांगण्याचं आहे. ते कोपऱ्यापासून थोडं आत, मुख्य गोष्टीच्या जवळ असलं की पुरे.

ऑर्डर जाणार असेल, दुसरं कुणी तोच फोटो दाखवून धंदा करू शकत असेल, तर नाव मुख्य वस्तूला भिडलं पाहिजे. ते काढायचं म्हटलं, तर वस्तूच बिघडली पाहिजे.

आणि फोटोत मूल असेल किंवा कागदपत्रं असतील, तर प्रश्नच वेगळा आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

फोटोतली जागा कशी शोधायची?

बँकेचा किंवा परीक्षेचा अर्ज आठवा. पासपोर्ट फोटो चिकटवल्यावर सही कशी करायला सांगतात? अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. का? फोटो बदलला तर सही तुटावी म्हणून. फोटोवर नाव घालतानाही हेच करायचं. नाव एका रंगातून दुसऱ्या रंगात, वस्तूवरून मागच्या भागात, नक्षीवरून कापडावर जाऊ द्या. कडा ओलांडणारं नाव पुसणं अवघड, कारण पुसणाऱ्याला दोन्ही बाजू पुन्हा नीट जुळवाव्या लागतात.

काही नेहमीचे फोटो घेऊन बघू.

फराळाचं ताट: मागच्या टेबलावर नाव नको. ताटाच्या काठावरून सुरू होऊन चकलीच्या वेटोळ्यांवर किंवा चिवड्यावर संपेल असं घाला. चकलीचे काटे, चिवड्यातले शेंगदाणे, कढीपत्ता यांचा पोत इतका गुंतागुंतीचा असतो, की तिथलं पुसलेलं पटकन ओळखू येतं. मात्र ज्या पदार्थाची जाहिरात आहे, त्याचा मधोमध भाग मोकळा ठेवा. लाडू विकायचा असेल तर लाडवावर अक्षरं नकोत.

पैठणी किंवा साडी: पदर आणि काठ जिथे भेटतात, ती जागा उत्तम. मोराच्या नक्षीचं एक टोक आणि साध्या अंगाचा थोडा भाग, दोन्हींवर नाव येऊ द्या. साडीचा रंग नेमका कळावा म्हणून अंगाचा एक मोठा तुकडा अजिबात झाकू नका, कारण ग्राहक तोच मोठा करून बघतो.

रांगोळी: मध्यबिंदूजवळ नाव घातलं तर रांगोळीची रया जाते. बाहेरच्या शेवटच्या पाकळ्यांच्या वळणाबरोबर वाकवून घातलं, तर ते नक्षीतलंच वाटतं आणि कापायचं म्हटलं तर रांगोळी तुटते.

गणपतीची सजावट: मूर्तीवर नाव घालू नका. पाहणाऱ्याला ते खटकतं, आणि सजावट तुमची असली तरी देव सगळ्यांचा आहे. मखराची कमान, पाटाची कड किंवा फुलांच्या माळेचं टोक, यांवर नाव चांगलं बसतं.

माणसाचा फोटो: चेहरा आणि हात मोकळे ठेवा. खांद्याची कड, साडीची निरी, कुर्त्याची बाही जिथे मागच्या भागाला भिडते तिथे घाला. मेंदीच्या फोटोत मनगटाजवळ, नक्षी जिथे संपते तिथे.

आता घराबाहेरचं एक उदाहरण. के. आर. पुरम रेल्वे स्टेशनजवळ रुळांवरून जाणारा तारांचा पूल आहे. कन्नडमध्ये लोक त्याला 'तूगु सेतुवे', म्हणजे झुलता पूल म्हणतात. बैयप्पनहळ्ळी ते के. आर. पुरा हा मेट्रोचा तुकडा ९ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला, तेव्हापासून पुलाचे आणि खालून जाणाऱ्या गाड्यांचे फोटो उंचावरून काढायची सोयही झाली. इथलं डिझेल इंजिनांचं शेडही रेल्वेवेड्यांमध्ये प्रसिद्ध आहे. त्यामुळे पूल आणि इंजिन एकत्र असलेला फोटो म्हणजे त्यांच्यासाठी पर्वणीच. अशा फोटोत वरचं अर्धं आकाश रिकामं असतं आणि हात आपोआप तिथे नाव टाकायला जातो. तिथे नको. खांबातून तिरक्या उतरणाऱ्या तारा जिथे पुलाला मिळतात, तिथे नाव ठेवा. बारीक समांतर रेषा पुन्हा काढणं किचकट असतं. एक तार जरा चुकली तरी डोळ्याला कळते.

रोज तेच नाव, तीच जागा, तोच साचा?

धंद्यासाठी फोटो टाकणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक प्रयोग जगासमोर मांडला. फोटो विकणाऱ्या मोठ्या कंपन्या हजारो फोटोंवर एकच खूण एकाच पद्धतीने उमटवतात. संशोधकांनी असे पुष्कळ फोटो संगणकाला एकत्र दिले. प्रत्येक फोटोतलं दृश्य वेगळं, पण खूण तीच. जे सगळीकडे सारखं आहे ते बाजूला काढत गेल्यावर संगणकाला ती खूण स्वच्छ सापडली, आणि मग ती प्रत्येक फोटोवरून वजाही करता आली. माणसाने बोट फिरवायचीही गरज उरली नाही.

पुढचा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. खुणेची जागा बदलली किंवा ती फिकट-गडद केली, तरी एवढ्याने फारसा फरक पडला नाही. पण प्रत्येक फोटोवर खुणेचा आकारच किंचित वेडावाकडा केला, तेव्हा ती पूर्ण निघेना. मागे पुसट रेघा राहू लागल्या.

घरगुती पातळीवर याचा सोपा उपाय तुमच्या बोटातच आहे. फोनच्या गॅलरीत फोटो एडिट करताना पेनाचं चिन्ह असतं. त्याने बोटाने सही करा. हाताची सही दोनदा तंतोतंत सारखी येत नाही. छापील साचा हवाच असेल, तर तो प्रत्येक वेळी थोडा तिरका, थोडा लहानमोठा करा आणि जागा फोटो बघून ठरवा.

देवनागरीत लिहिताना

मराठी नाव मराठीत घालायला काहीच हरकत नाही, उलट घालावंच. पण आपल्या लिपीची काही वैशिष्ट्यं लक्षात ठेवायला हवीत. बारीक फॉन्टमध्ये शिरोरेघ आधी दिसेनाशी होते, मग अनुस्वार आणि मात्रा. 'चिंतामणी'चं 'चितामणी' झालं तर पंचाईतच! जोडाक्षरं लहान आकारात एकमेकांत मिसळतात. म्हणून ठसठशीत फॉन्ट घ्या, नाव दोन शब्दांपेक्षा मोठं नको, आणि शिरोरेघ फोटोतल्या एखाद्या आडव्या रेषेवर, म्हणजे टेबलाच्या कडेवर किंवा क्षितिजावर, बसवू नका. दोन्ही रेषा एक होऊन अक्षरं लटकल्यासारखी दिसतात.

रंग पांढरा असेल तर त्याला बारीक गडद सावली द्या, म्हणजे उजळ आणि काळ्या दोन्ही भागांवर वाचता येईल. नाव किती गडद ठेवायचं? खालचा पोत अक्षरांतून दिसला पाहिजे आणि नावही वाचता आलं पाहिजे, या दोन्हींच्या मधलं. स्नॅपसीडसारख्या मोफत अॅपमध्ये अक्षरं फिकट-गडद करायची सोय असते. शेवटी एक तपासणी करा. फोटो स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि न उघडता, चॅटमधल्या छोट्या आकारातच बघा. नाव तिथे वाचता आलं, तर ते कुठेही वाचता येईल.

आणि हो, काही फोन फोटोच्या खाली आपल्याच कंपनीचं आणि कॅमेऱ्याचं नाव छापतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. पदार्थ तुमचा, मेहनत तुमची, आणि जाहिरात फोन कंपनीची फुकटात!

नावाच्या जागी काय लिहू नये?

मोबाइल नंबर फोटोवर घालायचा मोह होतो, कारण ऑर्डर थेट येईल असं वाटतं. पण फोटो कुठवर जाईल हे तुमच्या हातात नसतं. शक्य असेल तर व्यवसायाचं नाव किंवा इन्स्टाग्रामचं खातं लिहा. नंबर द्यायचाच असेल, तर घरच्यांचा खासगी नंबर न देता धंद्यासाठी वेगळा ठेवा.

मुलांच्या फोटोवर मुलाचं पूर्ण नाव, शाळा, इयत्ता, सोसायटी यांपैकी काहीही लिहू नका. फोटोवर आपलं नाव घातलं म्हणजे तो सुरक्षित झाला असं नाही. मुलाचा फोटो कुणाच्या हाती जाऊ नये असं वाटत असेल, तर तो न टाकणं किंवा मोजक्या घरच्यांनाच पाठवणं, हाच खात्रीचा मार्ग. टाकण्याआधी मागे गणवेशावरचं शाळेचं बोधचिन्ह, दारावरची पाटी, गाडीचा नंबर दिसतोय का, हेही बघा.

कागदपत्रांच्या फोटोवर तर नाव हवंच

भाड्याचं घर, नवीन सिम, सोसायटीचं गेट, प्रत्येक ठिकाणी आपण आधारचा फोटो सहज पाठवतो. याच बेंगळुरूतली एक गोष्ट. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या इथल्या प्रादेशिक कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची प्रत सरसकट कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार वापरा. देशभर खळबळ उडाली. चुकीचा अर्थ निघू शकतो म्हणून दोनच दिवसांत, २९ मे रोजी, ते पत्रक मागे घेतलं गेलं आणि नेहमीची सावधगिरी बाळगा एवढंच सांगितलं गेलं. पण मास्क्ड आधारची सोय आजही आहे. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात.

त्यावर आणखी एक गोष्ट करा. प्रतीवर तिरप्या ओळीत लिहा: 'फक्त भाडेकरारासाठी', पुढे कुणाला दिली त्याचं नाव आणि तारीख. ही ओळ रिकाम्या समासात लिहू नका. ती मजकुरावरून जाऊ द्या आणि तिचं एक टोक फोटोच्या कडेला स्पर्श करू द्या. चेहरा आणि तपासायचे अंक मात्र वाचता आले पाहिजेत, नाहीतर प्रत परत येईल. घरातल्या आजी-आजोबांना हे एकदा करून दाखवा. हा लेख वाचून तुम्ही एवढं एकच केलंत तरी पुष्कळ झालं.

कायदा काय म्हणतो?

'फोटोवर नाव नव्हतं, म्हणून घेतला' ही सबब कायद्यात चालत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढला, की त्यावरचा हक्क आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि फोटोवर नाव असण्याचीही अट नाही.

हा हक्क सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो. पण इथे एक गंमत आहे. तुम्ही पैसे देऊन लग्नाचे फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर कायद्याच्या १७ व्या कलमानुसार पहिला हक्क तुमचा. म्हणजे अल्बममधल्या प्रत्येक फोटोवर स्टुडिओचं नाव असलं, तरी त्यावरून मालकी ठरत नाही. मात्र 'हा फोटो मी काढला' असं म्हणण्याचा फोटोग्राफरचा हक्क ५७ व्या कलमाने शाबूत राहतो. तेव्हा नावावरून वाद घालण्यापेक्षा, फोटो कोण कुठे वापरणार आणि नाव कुठे असणार, हे बुकिंग करतानाच लेखी ठरवून घ्या.

आणि नाव पुसणाऱ्याबद्दल? २०१२ मध्ये कायद्यात ६५-बी हे कलम आलं. कलाकृतीबरोबर असलेली हक्काची माहिती, ज्यात कर्त्याचं आणि मालकाचं नाव येतं, ती जाणूनबुजून आणि परवानगीशिवाय काढणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे दुसऱ्याचा फोटो वापरणं ही एक गोष्ट, आणि त्यावरचं नाव पुसून वापरणं ही त्याहून वेगळी आणि गंभीर गोष्ट. वस्तूला भिडलेलं नाव इथेही कामी येतं. कोपरा कापला गेला, तर 'मला तसाच मिळाला' असं कुणीही म्हणेल. नक्षीवरून पुसलेलं नाव मागे खूण ठेवतं.

तरीही फोटो उचलला गेला तर?

घाबरू नका आणि लगेच भांडायलाही जाऊ नका. आधी पुरावा गोळा करा. त्या पोस्टचा स्क्रीनशॉट घ्या, खात्याचं नाव आणि लिंक जपून ठेवा, तारीख लिहून ठेवा. मग शांतपणे एक निरोप पाठवा: फोटो माझा आहे, कृपया काढा. पुष्कळदा समोरच्याला फोटो कुणाचा हेच माहीत नसतं. उत्तर आलं नाही, तर इन्स्टाग्राम, फेसबुकवर कॉपीराइटची तक्रार करण्याची सोय आहे, ती वापरा. तुमच्या फोटोवर कुणी पैसे उकळत असेल, तर ज्यांचे पैसे गेले त्यांना १९३० या सायबर हेल्पलाइनवर लवकरात लवकर फोन करायला सांगा, आणि आपल्या ग्रुपवर खरा नंबर कोणता हे स्पष्ट लिहा.

या सगळ्यात सगळ्यात मोठा पुरावा कोणता? तुमच्याकडचा मूळ फोटो. नाव न घातलेला, पूर्ण आकाराचा, काढल्याची तारीख आणि वेळ आत नोंदलेला. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत ही नोंद राहत नाही, म्हणून मूळ फोटो कधीही पुसू नका. नाव नेहमी वेगळ्या प्रतीवर घाला.

नाव म्हणजे कुलूप नव्हे

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. ठरवून चोरी करणाऱ्याला कुठलाच वॉटरमार्क कायमचा अडवत नाही. पुसण्याची साधनं दर वर्षी हुशार होतायत. मग एवढा खटाटोप कशाला? कारण फोटो फॉरवर्ड करणारे बहुतेक लोक चोर नसतात. त्यांना फोटो आवडतो, ते पुढे पाठवतात. नाव मजबूत जागी असेल, तर ते फोटोबरोबर प्रवास करतं आणि कुणीतरी विचारतं, 'या ताई कुठे राहतात? ऑर्डर घेतात का?' उरलेल्या थोड्यांसाठी, काम जितकं कटकटीचं, तितकी त्यांची नजर दुसरीकडे वळण्याची शक्यता जास्त.

यात आपलाही वाटा आहे. कुणाच्या रांगोळीचा, फराळाचा, गाण्याच्या कार्यक्रमाचा फोटो पुढे पाठवताना कडा कापू नका. स्टेटसला लावताना नाव बसत नसेल, तर खाली स्वतः लिहा. नाव दिसत नसेल तर 'फोटो कुणाचा?' असं विचारा. वाटी परत करताना रिकामी देऊ नये, असं आपल्याकडे शिकवलं जातं. दुसऱ्याचा फोटो पुढे पाठवताना निदान त्याच्या नावासकट पाठवू या.

तर आज एक काम करा. गॅलरीतला तुमचा सगळ्यात आवडता फोटो उघडा, त्याची एक प्रत करा आणि दोन मिनिटं नुसतं बघा, की या फोटोतला कोणता भाग कुणीही कापणार नाही. सापडला? मग त्याच्या कडेला बोटाने सही करा आणि पाठवून द्या.